चुलीपाशी ठेवलेला घास

दिवाकरभाऊ, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी बसले आणि पान वाढल्याबरोबर आधी वरणाचा वास घेतला. सवयच लागली, काय करणार. पलीकडे खांबाला टेकून वहिनी बसल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर जरासं हसू आलं. म्हणाल्या, "तूबी तशीच झाली का वं? हेबी असंच हुंगून खायचे. लोकाच्या लग्नात मले लाज वाटे." मीही हसले, घास तोंडात घातला, आणि तो काही केल्या खाली उतरेना. वरण चांगलं होतं भाऊ. मीठही बरोबर होतं.

थकले आहे मी. हे तुम्हाला सांगायची सोय नव्हती, कारण तुम्ही लगेच म्हणायचे, "तुले थकाले काय झालं, गाडी तर मी चालवून राह्यलो." ती गाडी आता तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि मी मूल गावाहून पहाटेची एसटी धरते. आलापल्लीला उतरायचं, पुढं मिळेल त्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं. सूरजागडच्या रस्त्याला लागलं की लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ केसांत, कानांत, डब्याच्या झाकणाखालीसुद्धा जाते. घरी येऊन आरशात पाहिलं की वाटतं, ही कोण बाई आली आपल्या घरात. मग भांडं घासावं तसा चेहरा घासते आणि झोपते.

आपलं काम लोकांना समजावून सांगणं हेच एक काम होतं, नाही का? चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत पोरांसाठी खिचडी, वरण-भात रांधणाऱ्या बाया, आणि त्यांची 'अन्नसुरक्षेची संस्कृती' आपण मोजायची. एका मुख्याध्यापकानं 'संस्कृती' एवढंच ऐकलं आणि आपल्यासमोर पोरींचं स्वागतनृत्य बसवलं होतं, आठवतं? मी घड्याळ बघत होते, तुम्ही टाळ्या वाजवत होते. वर निघताना म्हणाले, "या शाळेले दहापैकी दहा दे."

आणि ट्रेनिंगचा तो पहिला दिवस. शिकवणारे साहेब सांगत होते की बाया हात धुतात का, एवढंच बघायचं नाही. कोणी पाहत नसतानाही धुतात का, काही बिघडलं तर बोलून दाखवतात का, ती सवय, ते वळण मोजायचं आहे. तुम्ही मागून हात वर केला. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या कॅन्टीनमध्ये आयुष्य काढलेला माणूस, अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. तुम्ही विचारलं, "साहेब, कोनी पाहून नाई राह्यलं तवा त्या काय करतात, हे आपन जाऊन पाहाचं. मंग आपन कोन?" सगळे हसले. साहेबही हसले. मला मात्र तुमचा राग आला, कारण गृहविज्ञान शिकून मी जे काम गंभीरपणे करायला आले होते, त्याची तुम्ही पहिल्याच दिवशी फिरकी घेतली होती. आणि जोडी लावली ती तुमच्याच बरोबर.

तुमची पद्धत म्हणजे माझ्या जिवाला घोर. शाळेत पोचलं की मी फॉर्म काढायची आणि तुम्ही चुलीजवळ फतकल मारायचे. लसणाचा गड्डा ओढायचा आणि सोलत बसायचं. प्रश्न एक नाही. कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, असं चालू. गुरुजी रेंगाळायला लागले की त्यांना काहीतरी काम सांगून पिटाळायचे, कारण बायांना प्रश्न विचारताना वरचं माणूस जवळ नसावं हा नियम मात्र तुम्हाला पाठ होता. मग पोरांच्या पंगतीत बसून जेवायचे. मी म्हणायची, भाऊ, आपल्याला अजून एक शाळा गाठायची आहे. तुम्ही म्हणायचे, "शितावरून भाताची परीक्षा होते बाई, पन शीत शिजू तर दे."

मी तुम्हाला कधी बोलले नाही, आता बोलते. त्या बाया माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या आणि तुमच्याशी बोलायच्या. मला तुमचा हेवा वाटायचा. परतीच्या वाटेवर मी जी तुमच्यावर चिडचिड करायची ना, ती उशीर झाला म्हणून थोडी आणि त्या हेव्यापायी जास्त.

आपल्या फॉर्मातला शेवटचा प्रश्न होता: जेवण बिघडलं आहे असं वाटलं तर तुम्ही ते वरिष्ठांना सांगाल का? प्रत्येक शाळेत एकच उत्तर. "हो जी." मान खाली, हात पदराला. मी आनंदानं खुणा करत जायची. तुम्ही म्हणायचे, "हे 'हो जी' म्हणजे नमस्कार हाय, उत्तर नोहे. ज्या दिवशी एखादी बाई 'नाई' म्हनन ना, त्या दिवशी समज, मोजनी सुरू झाली." मी म्हणायची, म्हणजे मार्क कमी पडले की तुम्ही खूश? तुम्ही दुपट्ट्यानं तोंड पुसायचे आणि विषय बदलायचे.

मग आपल्याला पुन्नीबाई भेटली. एटापल्लीकडच्या त्या जंगलातल्या गावात, दोन खोल्यांच्या शाळेत. बुटकी, गोंडी मिसळलेलं मराठी बोलणारी, बोलण्यापेक्षा गप्प राहणंच जास्त. मी विचारलं, वाढायच्या आधी जेवण चाखून बघता का? ती म्हणाली, "नाई." मी चमकले. नियम आहे, आधी चव घ्यायची, गुरुजींनी घ्यायची आणि सही करायची, बाईनंही घ्यायची. तिनं मान हलवली. लेकरांच्या आधी आपण तोंड लावलं तर ते उष्टं झालं. आणि त्याच्याही आधी घरच्या वाडवडिलांना घास द्यावा लागतो. मग तिनं दाखवलं. भात-डाळ उतरवल्यावर पळसाच्या पानावर चिमूटभर काढायचं, चुलीपाशी ठेवायचं, नाव घ्यायचं. त्यानंतरच पोरांची ताटं.

मी 'नाही'वर खूण केली. तुम्ही तिथंच माझ्याशी वाद घातला, तिच्यादेखत. म्हणाले, ही बाई पान ठेवते तेव्हा त्या घासाकडे जसं बघते, तसं कोणता गुरुजी सही करताना बघतो? मी म्हटलं, बघणं वेगळं, चाखणं वेगळं. पुष्कळ विषांना वासही नसतो आणि रंगही नसतो. फॉर्ममध्ये पूर्वजांचा रकाना नाही. ते माझं म्हणणं आजही चुकीचं नाही भाऊ, तुम्ही वर बसून कितीही मान हलवा.

निघताना तुम्ही तिला जे सांगितलं, ते मात्र आपल्या कामात बसत नव्हतं. "बाई, ज्या दिवशी तुहं मन नाई म्हनन, त्या दिवशी वाढू नोको. कोनी काही म्हनलं तर मी आहो." मी गाडीपाशी उभी होते, मला ऐकू आलं. 'मी आहो' हे सांगायला आपण कोण होतो? आपलं कंत्राट किती दिवसांचं, हे आपल्यालाच माहीत नव्हतं.

आणि तिनं ऐकलं ना तुमचं! पुढच्या महिन्यात तुमच्या फोनवर बातमी आली. मसुरीच्या डाळीचं पोतं ओलं झालं होतं. पुन्नीबाईनं डाळ शिजवली, पानावर घास काढला आणि हात थांबला. कुबट वास येतो म्हणाली. गुरुजींनी चाखली, म्हणाले काही नाही झालं, वाढ. ती म्हणाली, "जे वाडवडलांले देता येत नाई, ते लेकरांले कसं देऊ?" आणि अख्खा गंज, डाळीचं ते मोठं पातेलं, नेऊन खड्ड्यात ओतला. पोरांनी मीठ-भात खाल्ला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की बाईनं लेकरांना उपाशी मारलं. शाळेच्या समितीनं दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

डाळ खरंच बिघडली होती का, हे कोणालाच ठाऊक नाही. ती खड्ड्यात गेली. आलापल्लीच्या टपरीवर आपण त्यावरच भांडलो, तुमचा चहा गार झाला. मी म्हणत होते, डाळ चांगली असेल तर बाईनं चूक केली. तुम्ही म्हणत होते, डाळ चांगली असो का वाईट, तिला वाटलं ते तिनं बोलून दाखवलं, आपण हेच मोजत फिरतो ना, मग हेच तर ते. मी म्हटलं, भाऊ, आपण मोजायला आलो आहोत, गावाशी भांडायला नाही. मोजणी नीट झाली की वर कोणीतरी वाचेल, काही बदलेल. तुम्ही म्हणाले, "मोजून त्याचं लोनचं घालाचं हाय का? तिची चूल गेली माह्या शब्दापायी." तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गाडी सुरू करताना एवढंच म्हणाले, "सोमवारी जाऊन येऊ. मी बोलतो त्याइच्याशी."

रविवारी वहिनींचा फोन आला. अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले, म्हणे. चहा मागितला होता. राग येतो भाऊ. माणसानं भांडण अर्धवट टाकून जावं का? माझ्याकडे अजून दोन मुद्दे शिल्लक होते.

तेरवीनंतर दुसऱ्या फेरीचं काम निघालं आणि त्या गावी मी एकटी गेले. जाताना ठरवलं होतं, फॉर्म भरायचा आणि परतायचं. आपला कोणाला काही शब्द नाही. पण शाळेच्या आधी पाय पुन्नीबाईच्या अंगणात वळले. मोहाचा हंगाम. अंगणभर मोहफुलं वाळत पडलेली, त्या गोडसर उग्र वासानं डोकं जड होत होतं. ती फुलं पसरवत होती. मला पाहून उठली, माझ्या मागं रस्त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ कुठी हाय?"

मी सांगितलं. ती खाली बसली. बराच वेळ फुलं इकडची तिकडे करत राहिली. मला वाटलं, आता विचारेल, भाऊ म्हणाला होता मी आहो, मग माझं काय? तिनं तसलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की जाताना जेवला होता का. मी म्हटलं, चहा मागितला होता. ती म्हणाली, "उपाशी गेला मंग." तिथं मला रडू फुटलं. तुमच्या घरी फुटलं नव्हतं, तेरवीत नव्हतं. त्या मोहाच्या वासात, एका बाईच्या अंगणात, जिला आपण बेकार करून ठेवलं होतं, मी तोंडावर पदर घेऊन रडले.

शाळेत चुलीवर आता लता होती, गावातलीच तरणी सून. दबकत दबकत डाळ घोटत होती. मी फॉर्म काढला आणि परत पिशवीत ठेवला. उभं राहायचं त्राणच नव्हतं, म्हणून चुलीजवळ बसले. समोर लसूण होता. सोलायला घेतला. तुमची नक्कल करायची म्हणून नाही भाऊ, हाताला काहीतरी हवं होतं. तीही हळूहळू बोलायला लागली. धूर फार होतो. सासू कुरकुर करते. पुन्नीबाई तिची नात्यानं मावशी लागते आणि तिच्या जागेवर बसल्यापासून दोघींचं बोलणं बंद आहे.

मग प्रश्न सुरू केले. शेवटच्या प्रश्नाला आले तेव्हा लक्षात आलं की गुरुजी दारात उभे आहेत. त्यांना पिटाळायला तुम्ही नव्हते. मला ते जमत नाही. मी थांबायला हवं होतं, पण प्रश्न तोंडातून गेला होता. जेवण बिघडलं आहे असं वाटलं तर सांगाल का?

लतानं गुरुजींकडे पाहिलं, मग घोटण्याकडे. मी 'हो जी'ची वाट बघत होते, पेन्सिलही तिथंच टेकवली होती.

"नाई," ती म्हणाली. "नाई सांगनार मी. मावशीनं सांगतलं, तं काय झालं तिचं?"

मला तुमची आठवण इतकी आली की काय सांगू. मोजणी सुरू झाली भाऊ, आणि बघायला तुम्ही नव्हते. लता भेदरून माझ्याकडे बघत होती. मी 'नाही'वर खूण केली आणि तिला म्हटलं, बरोबर उत्तर दिलंस.

गुरुजी आत आले. वाईट माणूस नाही तो. बदलीची वाट बघणारा, घरापासून दूर, आपल्यासारखाच दमलेला. डाळीच्या गंजाजवळ उभे राहिले आणि चुलीकडे बघत म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? त्या दिवशी डाळ मी चाखली, सही केली. पन मले सर्दी होती. वास काही येतच नव्हता." मी विचारलं, मग समितीसमोर हे बोलले का नाही? ते म्हणाले, "सगळे तापले होते. मी बोललो असतो तं मलेच धरलं असतं."

बघा भाऊ. तोच प्रश्न. आपण दोन्ही जिल्ह्यांत बायांना विचारत फिरलो, आणि गुरुजींना कोणी विचारलाच नव्हता. आपल्या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी प्रश्नच नव्हते. मी त्यांना काही सुनावलं नाही, तेवढी ताकद नव्हती. फक्त म्हटलं, गुरुजी, त्या बाईला आमच्या एका माणसानं शब्द दिला होता आणि तो माणूस आता नाही. तुम्ही आहात. ते गंजावर झाकण ठेवायला वळले. मी माझी पिशवी घेतली आणि जीपच्या वाटेला लागले. पूर्ण रस्ता मला वाटत होतं, गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. मोजणीही धड झाली नाही आणि भांडणही.

गुरुजी बोलले. कसे बोलले, कोणापुढे काय म्हणाले, मला माहीत नाही. लताचा फोन आला, मावशी चुलीवर परत आली, आम्ही दोघी मिळून करतो. समितीनं कुरकुर केली म्हणे, पण सर्दीचं ऐकून कोणीतरी हसलं आणि हसल्यावर तापलेली माणसं जरा निवली. माझ्या मोजणीनं हे झालं की तुमच्या शब्दानं, की गुरुजींच्या सर्दीनं, यावर आपण आलापल्लीच्या टपरीवर महिनाभर भांडलो असतो. मी जिंकले असते असं मला अजून वाटतं. चहाचे पैसे मात्र तुम्हीच दिले असते.

काम संपायच्या आधी परवा त्या शाळेत शेवटचं जाऊन आले. नियम म्हणून फॉर्म परत भरायचा होता. लता आणि पुन्नीबाई एकमेकींशी बोलत होत्या, म्हणजे भांडतच होत्या, मीठ कोणी टाकलं यावरून. भात उतरला, डाळ उतरली. पुन्नीबाईनं हात धुतले, पळसाच्या पानावर घास काढला, चुलीपाशी ठेवला, ओठांतल्या ओठांत काही म्हणाली. मी उठणार तेवढ्यात तिनं दुसरं पान घेतलं. त्यावर थोडा भात, थोडी डाळ, आणि बाजूला सोललेल्या लसणाची एक पाकळी. ते पहिल्याच्या शेजारी ठेवलं.

मी विचारलं, हे कोणाचं?

"भाऊचं," ती म्हणाली. "इथी बसून जेवला, मंग आमचाच झाला. आता जे भाऊले देता येनार नाई, ते लेकरांले देनार नाई."

बाहेर पोरं ताटं वाजवत होती. मी भिंतीला टेकून फॉर्म काढला. वाढण्याआधी जेवण कोणी चाखतं का? पहिल्या खेपेला इथंच तुमच्याशी वाद घालून 'नाही' लिहिलं होतं. या खेपेला 'हो'वर खूण केली. खाली विचारतात, कोण. स्वयंपाकी, शिक्षक, पालक, इतर. मी 'इतर'वर खूण केली.

नीट हुंगून खा, भाऊ. पोट्टे ताटं घेऊन बसून राह्यले.